मागच्या दारचा धबधबा

आमच्या शहाडच्या घरामागे एक चिंचोळी जागा आहे. माझी धुण्याची फरशी, अळवाचा वाफा आणि सासऱ्यांनी लावलेलं सीताफळाचं झाड, एवढंच तिथे होतं. त्या जागेत आम्ही तळं खणलं आणि त्यावर दगडांचा धबधबा रचला. गल्लीतल्यांना वाटलं, बाईंची निवृत्ती जवळ आली म्हणून हौस सुचली असेल. मी कुणाचा गैरसमज दूर केला नाही. हौस म्हटलं की पुढचे प्रश्न कुणी विचारत नाही.

खरं कारण होतं माझ्या नवऱ्याचे कान.

ह्यांनी उभं आयुष्य भिवंडीत यंत्रमागांच्या शेडमध्ये काढलं. बिघडलेले माग चालू करून द्यायचे, जॉबर म्हणतात त्याला. तिथल्या खटखटाटात माणसं बोलत नाहीत, हातवारे करतात, कारण ओरडलं तरी शेजारच्याला ऐकू जात नाही. घरी आले की ह्यांचा टीव्ही मोठा आणि बोलणंही मोठं. मुलगी लहान असताना विचारायची, "आई, पप्पा चिडलेत का?" चिडलेले नसायचे, साधं मीठ मागत असायचे.

मग शेड बंद पडली. मालकाने माग भंगारात काढले आणि हे घरी बसले. नोकरी गेल्याचं दुःख होतंच, पण तेवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. एका दुपारी मी कल्याणच्या शाळेतून आले तर हे स्वयंपाकघरात उभे.

"अगं, कुकर लावलायस का?"

"आत्ता तर आले मी. गॅस बंद आहे."

"मग हे सूं काय करतंय?"

मी कान दिला, काही नव्हतं. ह्यांनी फ्रीज बंद केला, पंखा बंद केला, मग मीटरपाशी जाऊन मेन स्विचच खाली ओढला. घर एकदम गप्प झालं. हे मान तिरकी करून उभे राहिले आणि त्यांचा चेहरा माझ्यासमोर उतरत गेला.

"चालूच आहे," हे म्हणाले.

शिट्टी व्हायच्या आधी कुकर जसा आतल्या आत तापून सूं करतो, तसा आवाज. फक्त शिट्टी कधी होत नाही आणि गॅस कुणाला बंद करता येत नाही.

कल्याणच्या कानाच्या डॉक्टरांनी ह्यांना काचेच्या खोलीत बसवून तपासलं. मागांच्या आवाजाने नस कायमची दुखावली आहे, म्हणाले. ऐकू कमी येतंय आणि जे येत नाही त्याच्या जागी मेंदू स्वतःच आवाज तयार करतोय. औषध नाही. ऐकण्याचं यंत्र वापरा, घरात थोडा आवाज राहू द्या, हळूहळू सवय होईल. डॉक्टर चांगले होते, पण 'सवय' हा शब्द ऐकताच ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला मान खाली घालावी लागली.

आम्ही सगळं करून पाहिलं. यंत्र लावलं, तर ह्यांना भांड्यांचा आवाज टोचायला लागला. रेडिओ दोन स्टेशनांच्या मध्ये खरखरत ठेवला. मुलीने मोबाईलवर पावसाचा आवाज लावून दिला. तो पाऊस थोड्या वेळाने पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा आणि त्यात एका ठरलेल्या जागी एक कावळा ओरडायचा. मग हे पाऊस सोडून त्या कावळ्याचीच वाट बघत बसायचे. विहारातल्या एका बुजुर्गांनी ध्यानाला बसायला सांगितलं. हे गेलेले, पण सगळे उठायच्या आधीच घरी परत आले.

"सगळे आपापला श्वास ऐकत होते," म्हणाले. "मी एकटा भोंगा ऐकत होतो."

रात्रींबद्दल मी लिहीत नाही. एवढंच सांगते की सकाळी शाळेत हजेरी घेताना माझे डोळे मिटायचे. हे दाढी करेनासे झाले. ताट तसंच परत यायला लागलं. एकदा संध्याकाळी वंदना झाली, मी उदबत्ती लावली, आणि हे भिंतीला टेकून अगदी शांतपणे, दुसरा चहा नको म्हणावं तसं म्हणाले, "असंच राहणार असेल तर मला नको गं आता."

"काय नको?"

ह्यांनी उदबत्तीची पडलेली राख बोटाने पुसली.

दुसऱ्या दिवशी मी औषधांचा डबा आणि उंदराचं औषध कपाटात ठेवून कुलूप लावलं. चावी गळ्यातल्या साखळीत अडकवली. मुलगी ठाण्याहून आली आणि आम्ही दोघी ह्यांना मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी गोळ्या दिल्या. थोडा डोळा लागायला लागला, पण जाग आली की ते सूं तिथेच उभं. वर्गात मुलांना कविता शिकवताना माझं निम्मं लक्ष टेबलावर उलट्या ठेवलेल्या फोनकडे असायचं.

आणि एका शनिवारी सकाळची शाळा करून आले, तर दाराला बाहेरून कडी. आत ह्यांचा फोन गादीवर. चपला नाहीत.

विहारात पाहिलं, वाण्याकडे पाहिलं. मग मी स्टेशनकडे निघाले आणि आमच्या उल्हास नदीवरच्या पुलाचा विचार मनात आला. त्यानंतर मी चालत होते की पळत होते, मला आठवत नाही. मुलीला फोन केला, ती म्हणाली, "आई, मी निघतेय, तू रडू नकोस, विचार लोकांना." रडत तीच होती. स्टेशनबाहेर भाजी घेऊन बसणाऱ्या मावशींनी मला थांबवलं.

"बाई, साहेबांना शोधताय का? सकाळी कसारा गाडीला गेले ते. मी विचारलं कुठं, तर बोलले खडवलीला."

"एकटेच?"

"एकटेच. पिशवी पण नव्हती हातात."

खडवलीला नदी आहे. सुट्टीच्या दिवशी कल्याणची पोरंटोरं तिथे डुंबायला जातात आणि दर वर्षी कुणी ना कुणी परत येत नाही. गाडीत बसून मी फक्त एवढंच म्हणत होते, पाणी कमी असू दे.

काठावर खूप लोक होते, गाणी लावलेली, चुली पेटवलेल्या. मी दिसेल त्याला विचारत वरच्या अंगाला गेले. गर्दी संपली आणि खडकांमध्ये मला ह्यांचा निळा शर्ट दिसला. हे एका सपाट खडकावर आडवे पडले होते, पाय पाण्यात, डोकं दोन दगडांच्या फटीपाशी. हलत नव्हते. मी ओरडले असेन, कारण ह्यांनी डोळे उघडले आणि तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोल," म्हणाले.

इतक्या वर्षांत ह्या माणसाने मला कधी हळू बोल म्हटलं नव्हतं.

"इथे वाजत नाही गं. म्हणजे वाजतं, पण पाणी त्याच्यावरून जातं."

फटीतून पाणी खालच्या दगडांवर पडत होतं. दोन हात उंचीचाही धबधबा नव्हता तो. मी ह्यांच्या शेजारी बसले आणि ह्यांच्या पाठीत बुक्की मारली. मग आणखी एक. मग मीच कोसळले. मुलगी पोहोचली तेव्हा आम्ही दोघं ओल्या कपड्यांनी तसेच बसलेलो. तीही सँडल काढून पाण्यात पाय सोडून बसली.

त्यानंतर हे रोज खडवलीला जायचं म्हणू लागले. मला ते झेपणारं नव्हतं. वरून धरणाचं पाणी सुटलं तर? पावसाळ्यात काय? ह्यांना एकट्याने जाऊ द्यायचं म्हणजे मी वर्गात उभ्याउभ्या मरायचं. वैतागाच्या भरात मी म्हणाले, "मग नदीच घरी आणू आपण." बोलून गेले आणि मग दुसरं काही सुचेना.

मुलीने ओळखीतला एक गवंडी पाठवला. कुठल्या कुठल्या हॉटेलांच्या बागा केलेला, हौशी माणूस. त्याने धुण्याची फरशी काढली, सिमेंटचं तळं बांधलं, मागे भिंतीसारखा चौथरा उचलून त्याला दगड चिकटवले, जिन्याच्या पायऱ्यांसारखे एकावर एक. वरून तपकिरी रंग मारला आणि काठावर प्लास्टिकचा बगळा उभा केला.

"बगळा माझ्याकडून," म्हणाला.

मोटर लावली. पाणी वरून निघालं आणि एका धारेत सरळ तळ्यात पडलं. नळाखाली बादली लावून कुणी विसरून गेलंय, असा आवाज. मी ह्यांच्या तोंडाकडे पाहत होते. हे थोडा वेळ उभे राहिले आणि आत गेले. खोलीचं दार लावलं.

मी दाराशी जाऊन म्हणाले, "अहो, ऐकून तर बघा जरा. सवय होईल."

तोच शब्द माझ्या तोंडून निघाला.

आतून आवाज आला, "बंद कर ते. पाया पडतो तुझ्या, बंद कर."

मी मोटर बंद केली. गवंडी बिचारा ओशाळून उभा होता. त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याला सांगितलं होतं धबधबा कर, तो त्याने केला होता. कशासाठी हवाय ते आम्ही त्याला सांगितलंच नव्हतं. लाज वाटत होती. लोक म्हणतील, डोक्यावर परिणाम झालाय.

ते बांधकाम काही दिवस तसंच राहिलं. तळ्याला चीर गेली, पाणी आटलं, बगळा आडवा पडला. एका रविवारी भांडी घासता घासता माझं काय झालं कुणास ठाऊक. कोपऱ्यातली पहार उचलली आणि चौथऱ्यावर घातली. साडीचा पदर खोचला आणि घालतच राहिले. रडत होते, शिव्याही देत होते, कुणाला ते माहीत नाही. दगड सुटून पडत होते, सिमेंटचे तुकडे उडत होते. मागे वळून पाहिलं तर हे दारात उभे.

"थांबू नकोस," म्हणाले. "मार. तू मारतेस तेवढा वेळ बरं वाटतंय."

मी पहार ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी ती घेतली. कित्येक महिन्यांत मी दिलेली एखादी गोष्ट ह्यांनी नको न म्हणता घेतली होती. उरलेला चौथरा ह्यांनी पाडला.

मग आम्ही दोघं सुट्टीच्या दिवशी खडवलीला जायला लागलो, नुसतं बघायला. आधी डोळ्यांना जे एकसारखं पाणी दिसायचं, ते वेगळं दिसायला लागलं. नदीत दगड रचलेले नसतात, रुतलेले असतात. सगळ्यात मोठा धोंडा सगळ्यात खाली आणि निम्मा मातीत. दोन बाजूंना दोन दगड खांद्यांसारखे, पाणी त्यांच्या मधून येतं. ज्या दगडावरून ते उडी घेतं तो जरासा पुढे झुकलेला. आणि ते सरळ तळात कधीच पडत नाही. मध्ये अडतं, फुटतं, पसरतं, फटीत जाऊन दुसरीकडून निघतं. म्हणून त्याचा आवाज एक नसतो.

हे डोळे मिटून बसायचे आणि मला सांगायचे.

"उजवीकडचं ऐक. पोकळीत पडतंय, ढब ढब. ते नको आपल्याला."

"मला सगळं सारखंच येतंय ऐकू."

"डावीकडचं बघ. पातळ पसरून येतंय, खाली बारीक दगडांवर. ते घ्यायचं."

मी हसले नाही, पण बऱ्याच दिवसांनी हसावंसं वाटलं. ज्याचे कान गेले तो मला ऐकायला शिकवत होता.

नदीतले दगड आणायचे नव्हते. आमच्याच भागात एका इमारतीचा पाया खणत होते, मुरमातून गोल काळे धोंडे निघत होते. तिथल्या माणसाला विचारलं तर म्हणाला, घेऊन जा, आमची ब्याद जाईल. टेम्पोने गल्लीच्या तोंडाशी टाकले. तिथून मागच्या दारापर्यंत पहारीने लोटत, खाली गोल पाइपचे तुकडे सरकवत आम्ही ते आणले. गल्लीतली माणसं बघायची. कुणी हात लावायला आलं तर हे नको म्हणायचे.

खड्डा नव्याने खणला. निघालेल्या मातीचा मागे उंचवटा केला, पाणी मारून मारून चोपून घट्ट केला. खड्ड्यात जुन्या सतरंज्या अंथरल्या, म्हणजे खड्यांनी वरचा कागद फाटू नये. शेततळ्याला घालतात तो जाड प्लास्टिकचा कागद खड्ड्यापासून उंचवट्याच्या माथ्यापर्यंत सलग नेला. दगडांमधून निसटलेलं पाणीसुद्धा घरंगळत तळ्यातच यावं म्हणून. मग खालून वर दगड बसवत गेलो. एकेक दगड हे फिरवून फिरवून पाहायचे. हाताला लागायचं, नखं फुटायची. मी शाळेत हातरुमालात बोटं गुंडाळून फळ्यावर लिहायचे.

ज्या दिवशी मोटर लावली त्या दिवशी वर पाणी आलंच नाही. म्हणजे पाइपातून निघत होतं, पण माथ्यावरच्या दगडाखाली शिरत होतं आणि आतल्या आत, कुणाला न दिसता, तळ्यात उतरत होतं. वरचा दगड ठणठणीत कोरडा आणि आवाज काही नाही.

हे चिखलात बसले. तसेच, पँट भिजवून.

"माझ्या नशिबात नाही," म्हणाले. "सोड. तू तरी किती करशील."

मला चीड आली. म्हणावंसं वाटलं, मी हे तुमच्यासाठी करत नाहीये. तुम्ही गेलात तर ह्या घरात मला जी शांतता ऐकावी लागेल, तिच्या भीतीने करतेय. पण ते तोंडातून निघेना. मी ह्यांच्या शेजारी चिखलात बसले. मग हेच उठले आणि माथ्यावरचा दगड काढायला लागले.

पुन्हा सगळं उतरवलं. दगडांच्या मागच्या फटी आतून काळ्या सिमेंटने बुजवल्या, बाहेरून दिसणार नाही अशा. आता पाणी वरून आलं. दोन खांद्यांमधून निघून पातळ पसरलं, पुढच्या दगडावर फुटलं, दोन वाटा झाल्या, खालच्या बारीक गोट्यांवर सांडलं. पण रोज सकाळी तळं खाली गेलेलं असायचं. कुठे गळतंय ते सापडेना. कागद फाटला असेल तर सगळं पुन्हा काढायचं, ह्या धास्तीने आम्ही एकमेकांशी त्याबद्दल बोलायचंच टाळत होतो. शेवटी अळवाने सांगितलं. वाफ्याचा एकच कोपरा हिरवागार माजला होता. तिथे उंचवट्याची माती खचून कागदाची कड खाली बसली होती आणि पाणी गुपचूप बाहेर जात होतं. कड उचलून खाली माती ठासली. पाणी राहिलं.

त्या दुपारी हे मागच्या दाराशी खाटेवर पडले आणि झोपले. मी जवळ जाऊन छाती खालीवर होतेय का ते पाहिलं. मग उंबऱ्यावर बसले आणि हे जागे होईपर्यंत उठले नाही, भांडीसुद्धा घासली नाहीत.

मुलगी आली, बघत राहिली. "आई, हे आपण केलंय असं वाटतच नाही. आधीपासून होतं आणि भिंत नंतर बांधली असं वाटतं." हे ऐकून ह्यांनी पुन्हा दाढी करायला सुरुवात केली, असं ती म्हणते. मला वाटतं त्याचा आणि ह्याचा संबंध नसावा. पण दाढी केली हे खरं.

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण आमच्या भिंतीला लागून पलीकडचं घर आहे, आणि तिथे मागच्या खोलीत शेजारच्या वहिनींच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. एक दिवस वहिनी दारात आल्या. चेहरा ताणलेला.

"राग मानू नका, पण ते पाणी बंद करा तुमचं. दिवसरात्र चालू असतं. सासूबाईंचा डोळा लागत नाही. आणि त्या आवाजाने त्यांना सारखी लघवी लागते. मी किती वेळा उठवू त्यांना? माझी कंबर गेली."

हे आतून ऐकत होते. मी काही बोलायच्या आत मोटर बंद झाल्याचं मला कळलं.

पुढचे दोन दिवस हे भिंतीकडे तोंड करून पडून होते. जेवले नाहीत. मी कपाटाचं कुलूप ओढून पाहिलं. तिसऱ्या दिवशी मी वहिनींकडे गेले. त्या भाजी निवडत होत्या. मी काय बोलायचं ते ठरवून गेले होते, शिक्षिकेच्या आवाजात, व्यवस्थित. पहिल्याच वाक्याला आवाज फुटला. मी त्यांच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून सगळं सांगितलं. कुकरचा आवाज, खडवली, गळ्यातली चावी.

वहिनी निवडायचं थांबल्या होत्या. "आणि हे तुम्ही आत्ता सांगताय? एका भिंतीचं अंतर आहे आपल्यात."

"लाज वाटत होती."

"कसली लाज? माझी सासू रोज अंथरुणात घाण करते, ते सगळ्या गल्लीला माहीत आहे. आम्ही कुठे मरतोय लाजेने?"

त्या दिवशी आमचं ठरलं. दुपारी सासूबाई झोपतात तेवढा वेळ पाणी बंद, आणि रात्री मोटर अगदी हळू. हळू म्हणजे किती, ते हे आणि वहिनी भिंतीच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांना विचारत ठरवत होते. "आता?" "अजून कमी." "आता?" "हां, चालेल."

दुपारची ती वेळ ह्यांना सगळ्यात कठीण जायची. आधी घरात येरझाऱ्या घालायचे. मग तळ्यातली पानं काढायला लागले, गोट्यांवरचं शेवाळ थोडं खरवडायचं, थोडं ठेवायचं, दगड इंचभर सरकवायचा. काम करताना वाजत नाही असं नाही, पण हात गुंतलेले असले की त्याच्याकडे बघायला वेळ मिळत नाही, असं एकदा म्हणाले.

पावसाळा सरता सरता पलीकडच्या सासूबाई गेल्या. आम्ही दोघं गेलो, बसलो, मुलगी ठाण्याहून आली. घरी परत आल्यावर ह्यांनी सरळ मागे जाऊन मोटरचा प्लग काढला आणि वायर गुंडाळून खिळ्याला अडकवली.

"अहो, त्या बोलल्या का काही?"

"बोलायला कशाला पाहिजे. तेराव्यापर्यंत नाही लावायचं. त्यांच्या घरी माणसं येणार, रडणार, आणि इकडे आपलं पाणी खळखळणार? बरं दिसत नाही ते."

मी घाबरले. आमच्यात तेरावं करत नाहीत, पण ते त्यांच्याकडे होतं आणि हे त्यांच्यासाठी पाळत होते. ते दिवस वाईट गेले. हे कपाळ भिंतीला टेकून उभे राहायचे. एकदा ताटावरून उठून गेले. एकदा मला म्हणाले, "माझा हात धर," आणि मी वह्या बाजूला ठेवून धरला. मी म्हणाले, "लावू या थोडा वेळ, कुणाला कळणार नाही." हे मान हलवायचे. मुलगी रोज फोन करून विचारायची, "पप्पा आहेत ना?" काय करतायत, असं नाही. आहेत ना, एवढंच. मी रजा टाकली होती. ह्यांच्या समोरच बसून राहायचे, वह्या तपासत.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी मागच्या भिंतीपाशी आल्या. डोळे सुजलेले, केस विंचरलेले नव्हते.

"भाऊजी," त्यांनी हाक मारली, "पाणी का बंद आहे तुमचं इतके दिवस?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं.

वहिनींनी भिंतीवर हात ठेवला. "लावा ओ," म्हणाल्या. "घर खायला उठतंय माझं. मला पण कसला तरी आवाज पाहिजे."

ह्यांनी वायर सोडली, प्लग लावला. मोटर घुं करून थांबली. इतके दिवस साचलेल्या पाण्यात शेवाळ धरलं होतं, जाळी गच्च बसलेली. ह्यांनी एक कचकचीत शिवी दिली, शर्टाची बाही वर केली आणि काठावर पोटावर आडवे होऊन खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला.

"वहिनी, थांबा जरा," मान वाकडी करून म्हणाले, "पाच मिनिटं लागतील."

वहिनी भिंतीपलीकडे थांबल्या. मी आत जाऊन तिघांचा चहा टाकला.